सुनीती परचुरेची पांढरी फॅशन

नागपुरात होती तोवर सुनीती परचुरे ही चारचौघींसारखी सरळ मुलगी होती. दोन वेण्या, गोल साडी, हातात बांगड्या आणि कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू. बिघडली ती कलकत्त्याला आल्यावर. तिला कुठल्या मुलानं बिघडवलं असतं तर एक वेळ परवडलं असतं, कारण तशा वेळी काय करायचं हे परचुऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पण तिला बिघडवलं मिस डॅफ्नीनं, आणि मिस डॅफ्नीला कुणी जाब विचारायचा?

ही मिस डॅफ्नी विलायतेत राहायची आणि तिथल्या एका बायकांच्या मासिकात दरमहा दोन पानं लिहायची. बाईनं काय घालावं, काय घालू नये, आणि घातलंच तर कसं न घातल्यासारखं घालावं, असा सगळा उपदेश. मासिक बोटीनं कलकत्त्यात उतरायचं, आधी कुणा मडमेच्या दिवाणखान्यात जायचं, तिथून खानसाम्याच्या कृपेनं एस्प्लनेडच्या फुटपाथवर, जुन्या अंकांच्या ढिगाऱ्यात. सुनीतीच्या हाती लागेपर्यंत आतली फॅशन वर्षभर शिळी झालेली असे आणि मुखपृष्ठावर चहाच्या कपाचं गोल वळं उमटलेलं असे. पण नागपूरच्या मानानं ती ताजीच म्हणायची.

तिचे वडील दिगंबरराव केंद्र सरकारच्या हिशेब-तपासणी खात्यात होते. सरकारनं बदली केली, हे बिऱ्हाड घेऊन आले, भवानीपूरला दोन खोल्यांत राहिले. आई प्रेमलताबाई शेजारणींशी हातवाऱ्यांनी बोलून भाजी आणायला शिकल्या. सुनीतीनं कॉलेजात नाव घातलं. पहिल्याच दिवशी वर्गातल्या मुलींनी विचारलं, कुठली गं तू? मराठी म्हटल्यावर त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. बंगाल्यांच्या घरात पोरांना झोपवायला अजूनही मराठ्यांच्या घोडेस्वारांची, बर्गींची, भीती घालतात, हे बिचारीला काय माहीत! दोनशे वर्षांपूर्वीची लूट त्या मुलींनी हसत हसत थेट दिगंबररावांच्या खाती मांडली. रविवारी महाराष्ट्र मंडळात जावं तर तिथे इथेच जन्मलेल्या मराठी मुली. त्या आपसात बंगालीत बोलायच्या आणि सुनीतीच्या ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिली’ला तोंडावर रुमाल धरून हसायच्या. म्हणजे बंगाल्यांना ती मराठी, मराठ्यांना ती नागपुरी. रडकुंडीला आली पोर.

अशा वेळी मिस डॅफ्नी भेटली. तिच्या पानांवरच्या बायकांना गावच नव्हतं. त्या कुठल्या जिल्ह्याच्या, कुठल्या पोटजातीच्या, त्यांच्या पणजोबांनी कुणाला लुटलं, हे कुणी विचारत नव्हतं. त्या फक्त सुंदर होत्या आणि कुठेतरी निघाल्या होत्या. सुनीतीला ते फार आवडलं. आपणही असं व्हायचं, तिनं ठरवलं. कुणी पाहिलं की ‘कुठली ही?’ न म्हणता ‘कोण ही!’ म्हणायला हवं.

मग काय, घरात ‘मिस डॅफ्नी म्हणते’ सुरू झालं. मिस डॅफ्नी म्हणते, हिवाळ्यात हातमोज्यांवाचून बाई अपुरी. कलकत्त्याचा हिवाळा तो केवढा? पण सुनीतीनं लोकरीचे हातमोजे विणले आणि ते घालून ट्रॅममध्ये बसली. कंडक्टरला द्यायचं नाणं काही पर्समधून निघेना. दोन स्टॉप तो बिचारा हात पुढे करून उभा. शेवटी पलीकडच्या म्हातारबुवांनी तिचं तिकीट काढलं आणि विचारलं, “हाताला काही झालंय का, मा?” फॅशन करणारीला असल्या क्षुल्लक गोष्टींनी खचून चालत नाही, हेही मिस डॅफ्नीनं लिहून ठेवलेलं होतंच.

या सगळ्यात तिला एक मैत्रीण मात्र खरी मिळाली. एकच. मणिमाला लाहिडी. उत्तर कलकत्त्यातल्या मोठ्या घरची, हसरी, गबाळी. साडीचा पदर कायम घसरलेला, केसांतून पेन्सिल खोचलेली. तिला सुनीतीच्या नागपुरी बोलण्याचं काही नव्हतं, कारण तिला मराठी येत नव्हती, आणि बर्गींबद्दल ती म्हणायची, “आमच्या पूर्वजांकडे लुटण्यासारखं होतं, हे ऐकूनच बरं वाटतं गं.” फाल्गुनात मणिमालाचं लग्न ठरलं. लगेच तिला आजोळी कृष्णनगरला नेऊन ठेवलं, दूध-तूप घालून गोरी करायला. जाताना तिनं सुनीतीचे दोन्ही हात धरले.

“आषाढात लग्न आहे. मला तू सजवायचंस. दुसरं कुणी मला हात लावायचा नाही. कबूल?”

“कबूल,” सुनीती म्हणाली आणि घरी येईपर्यंत ट्रॅममध्ये रडली. सगळ्या कलकत्त्यात तिच्याकडे कुणी काही मागितलं असेल तर ते एवढंच होतं.

आता त्या लग्नात आपण कशा दिसणार हा प्रश्न आला. चैत्रात हाती लागलेल्या अंकात उत्तर छापलेलं होतं. ‘या उन्हाळ्यात पांढरा, आणि फक्त पांढरा. काठ नको, नक्षी नको. मनगट मोकळं, गळा मोकळा, कपाळ मोकळं. बाईनं स्वतःच दागिना व्हावं.’ सुनीतीनं ते वाक्य सतरा वेळा वाचलं. स्वतःच दागिना व्हावं! नागपुरात असं कुणी बोललं होतं का कधी?

दुसऱ्याच दिवशी ती कालीघाटच्या बाजूच्या एका कापडवाल्याकडे गेली आणि बिनकाठाची पांढरी मलमल मागितली. दुकानदार पान चघळत होता, तो थांबला.

“कुणासाठी, मा?”

“माझ्यासाठी.”

त्यानं पानाची पिंक टाकली, तोंड पुसलं, वर उभ्या नोकराला हातानं गप्प केलं. मग एकेक ठाण असं हळुवार उलगडून दाखवलं की सुनीतीला संकोच वाटावा. घासाघीस करायची तिची पुरी तयारी होती, पण त्यानं आपणहोऊनच भाव उतरवला आणि पुडकं दोन्ही हातांनी दिलं. बाहेर पडताना तो मागून पुटपुटला, “आहा रे!” सुनीतीनं घरी येऊन आईला सांगितलं की कलकत्त्यात अजून सौंदर्याची कदर करणारे दुकानदार आहेत.

आता मराठी माणसाला यात काय खटकणार? प्रेमलताबाईंनी साडी पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, “इस्पितळातली नर्स दिसशील. आणि हळदीचा डाग पडला की मी धुणार नाही.” विधवा म्हटली की परचुऱ्यांच्या डोळ्यांपुढे नागपूरची मोठी आत्या यायची आणि ती नखशिखांत तांबड्या आलवणात असायची. विधवेचा रंग तांबडा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. कालीघाटला पांढऱ्या बिनकाठाच्या साड्यांतल्या बायका रोज दिसत. प्रेमलताबाईंचं त्यांच्याबद्दलचं मत असं की बंगाली म्हाताऱ्या फार स्वच्छ असतात. राहता राहिलं कुंकू आणि बांगड्या. दोन्ही पोरीच्या अंगावर आहेत की नाहीत हे आई दारात उभी राहून बघायची, आणि ती असायचीच. दारात. कोपऱ्यावर वळलं की बांगड्या पर्समध्ये जायच्या आणि ट्रॅमच्या थांब्यावर ओल्या रुमालानं कुंकू पुसलं जायचं. म्हणजे घरातून निघायची ती परचुऱ्यांची कुमारिका, आणि ट्रॅममध्ये चढायची ती बंगालच्या हिशेबानं चांगली शास्त्रोक्त विधवा. वीस वर्षांची. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती, मंडळात जाणं तिनं केव्हाच सोडलं होतं, आणि या दोन्ही सुनीतींना एकत्र पाहणारं त्या शहरात दुसरं कुणी नव्हतं. मणिमाला होती, ती कृष्णनगरला दूध पीत बसली होती.

सुनीती काय समजत होती ते विचारू नका! ती ट्रॅममध्ये चढली की बायका बोलायच्या थांबायच्या. चष्मेवाले बाबूलोक उठून जागा द्यायचे, वर सुस्कारा सोडायचे. वाचनालयात तिनं कादंबरी मागावी तर म्हातारा ग्रंथपाल कादंबरीच्या जोडीला अध्यात्मावरचं एखादं पुस्तक द्यायचा आणि म्हणायचा, “हेही वाचत जा, मन शांत राहतं.” मिठाईच्या दुकानात एका अनोळखी बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावत निघून गेली. रात्री जेवताना सुनीती सांगायची, “अण्णा, व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव पडतो हो. मी गेले की लोक उठून उभे राहतात.”

“मला तर ऑफिसात बसलेलाही कुणी उठत नाही,” दिगंबरराव म्हणायचे, “मीही पांढरं नेसून बघू का?”

असा तीन महिने सगळ्या शहरानं तिला जीव लावला, आणि तिचं डोकं पार फिरून गेलं. एवढी माया तिला कलकत्त्यात कुणी दिली नव्हती. खोटं कशाला बोला, नागपुरातही दिली नव्हती.

आषाढ आला. लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणून सुनीती दुपारीच निघाली. पिशवीत कंगवे, आकडे, पिना, पावडरीचे डबे आणि मिस डॅफ्नीचा तो अंक. अंगावर सगळ्यात पांढरी साडी, कडक इस्त्रीची.

“अगं, लग्नघरी हे काय नेसून चाललीस?” प्रेमलताबाई कळवळून म्हणाल्या. “एखादं रेशमी नेस. ताप मोजायला आलीस असं वाटेल त्यांना.”

“मी सजवायला चाललेय, आई, सजायला नाही.”

हे वाक्य तिचं स्वतःचं होतं, मिस डॅफ्नीचं नव्हे, आणि त्याचा तिला फार अभिमान वाटला. प्रेमलताबाईंनी निदान बांगड्या आहेत ना हे पाहून घेतलं. एस्प्लनेडला ट्रॅम बदलेपर्यंत त्या पर्समध्ये गेल्या होत्या.

श्यामबाजारचं लाहिड्यांचं घर तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि घरानंही तिला पाहिलं नव्हतं. दाराशी सनई, केळीचे खुंट, आणि लाल काठाच्या साडीतल्या एक गोल गरगरीत बाई हातात दिवे, धान, दूर्वा असलेलं ओवाळणीचं सूप घेऊन उभ्या. या मणिमालाच्या काकू, काकीमा. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या खणखणीत आवाजात या-या म्हणत होत्या. सुनीती पायरी चढली आणि त्यांचा आवाजच गेला. त्यांनी सूप चटकन दुसरीच्या हातात देऊन मागे न्यायला लावलं. मग पुढे होऊन इतक्या हळू आवाजात बोलल्या की सुनीतीला कान पुढे करावा लागला.

“एशो मा, एशो, आत ये. तू मणीच्या कॉलेजातली का?”

“हो. मी सुनीती. तिला सजवायला आले आहे.”

काकीमांचे डोळे भरले. “आहा रे, किती जीव तुझा तिच्यावर! चल, आधी बस जरा.” आणि त्यांनी तिला जिन्याकडे न नेता, अंगण ओलांडून, स्वयंपाकघराच्याही मागे, घराच्या अगदी टोकाच्या खोलीत नेलं. सुनीतीला वाटलं, वा! सजवणारीसाठी स्वतंत्र खोली राखून ठेवलीय. मोठी घरं ती मोठी घरं.

खोलीत पाट, एक चूल, तांब्या-पितळेची चार भांडी, आणि जमिनीवर बसलेल्या एक पन्नाशीच्या बाई. पांढरी साडी, काठ नाही. गळा, मनगट, कपाळ, सगळं मोकळं. आणि केस कानाच्या वर कापलेले. सुनीती हरखली. त्या वर्षी विलायतेत केस अस्से कापत होते! कलकत्त्यात आपल्यावाचून कुणीतरी मासिक वाचतं तर!

“पिशिमा, ही मणीची मैत्रीण,” काकीमा दारातूनच म्हणाल्या. “हिला तुमच्यापाशी बसू दे.” आणि गेल्या.

पिशिमा म्हणजे मणिमालाच्या वडिलांची बहीण, आपल्याकडची आत्या. त्यांनी सुनीतीकडे पायापासून कपाळापर्यंत पाहिलं. तिला हाताला धरून शेजारी बसवलं. पितळी ताटलीत भिजवलेली मुगाची डाळ, केळं, नारळाचा लाडू काढला. लाडू स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला, आणि दुसऱ्या हातानं तिचे केस कुरवाळत राहिल्या. सुनीतीला मोडकंतोडकं बंगाली येत होतं. तिला वाटलं, एवढं प्रेम करणाऱ्या बाईशी दोन शब्द बोलावेत.

“कधीपासून गं हे?” पिशिमांनी साडीला हात लावून विचारलं.

“चैत्रापासून.”

“या चैत्रापासून? अगं अगं! अजून वर्षही नाही!” त्यांनी तिचं डोकं आपल्या खांद्याशी ओढलं. “आणि लगेच सगळं सोडायला लावलं? थोडीशी किनार तरी चालते हल्ली. कॉलेजातल्या मुलींना चालते. माझ्या वेळी नव्हती. मी नऊ वर्षांची असताना लग्न झालं. लग्नात त्यांचं तोंड पाहिलं, मग एकदा पूजेला घरी आले होते तेव्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा पांघरूण घातलेलं होतं. अकरावं सरलं नव्हतं मला. लाल साडीचा मला फार सोस होता गं. ती घाटावरच सोडवली, तिथेच हे नेसवलं. तुझे किती दिवस होते त्याच्याबरोबर?”

सुनीतीच्या तोंडात लाडू तसाच राहिला. बंगाली कच्चं असलं तरी एवढं तिला समजलं. आधी तिला पिशिमांची साडी दिसली, मग आपली. मग एकामागून एक सगळे आठवले. तो कापडवाला, ते उठून उभे राहणारे बाबू, पाठीवरून हात फिरवणारी ती बाई. एकालाही तिचं व्यक्तिमत्त्व दिसलं नव्हतं. तीन महिने सगळं शहर तिच्या मेलेल्या नवऱ्यासाठी हळहळत होतं! आपण जमिनीत गडप व्हावं असं तिला झालं. ‘मी विधवा नाही’ म्हणावं, तर या बाईला कसं म्हणावं? जी गोष्ट हिच्या नशिबी आली ती आपण हौसेनं इस्त्री करून नेसलोय, हे कुठल्या तोंडानं सांगावं?

तेवढ्यात वर जिन्यात गलका झाला. मणिमालाचा आवाज सगळ्या घरात घुमला. “सुनीती कुठाय? आलीय ना? मग वर का नाही येत? विधवा? कोण विधवा? काकीमा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? तिचं लग्नसुद्धा झालेलं नाही!”

धाड धाड धाड करत पाच-सहा बायका खोलीच्या दाराशी आल्या. काकीमा पुढे.

“ए मेये, ए पोरी, तुझं लग्न झालंय की नाही?”

“नाही,” सुनीती म्हणाली.

“मग हे काय सोंग?”

खोलीत सगळ्यांचे डोळे तिच्यावर. आणि शेजारी पिशिमा, तिचा हात अजून त्यांच्या हातात.

“फॅशन,” सुनीती म्हणाली. एवढा लहान आवाज तिनं जन्मात काढला नव्हता.

काकीमांना जे हसू फुटलं! भिंतीला टेकल्या, कपाळ बडवून घेतलं, “मा गो मा, मी हिच्यासाठी डोळे लाल करून घेतले!” बाकीच्याही हसल्या. खोटं नाही, जीव भांड्यात पडल्याचंही हसणं होतं ते. एवढ्याशा पोरीवर ते संकट आलेलं नाही, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

पिशिमांना मात्र कळलं नव्हतं. “काय म्हणाली ती? फॅशन म्हणजे काय गं?”

“हौस, पिशिमा,” कुणीतरी सांगितलं. “आवडतं म्हणून नेसलीय.”

“आवडतं म्हणून?” पिशिमा म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावरची साडी चिमटीत धरून पाहिली. बायकांना फार घाई होती. एकीनं केशरी बनारसी आणली, एकीनं चोळी. दारामागे नेऊन त्यांनी सुनीतीला नेसवलं. चौघींच्या हातांतल्या बांगड्या निघाल्या आणि तिच्या हातांत गेल्या. काकीमांनी स्वतः तिच्या कपाळावर लाल टिळा लावला आणि हनुवटी धरून म्हणाल्या, “आता कशी माणसासारखी दिसतेस!” सगळ्याला फार तर पाच मिनिटं लागली असतील. पाच मिनिटांत सुनीती परचुरे अशुभाची शुभ झाली. मेल्या नवऱ्यालासुद्धा कुणी विचारलं नाही.

निघताना ती वळली. पिशिमा खोलीत तशाच बसल्या होत्या. तिला वाटलं, यांनाही वर न्यावं, मणीजवळ बसवावं. तिनं हात पुढे केला. “चला ना, पिशिमा, तुम्हीही चला.”

पिशिमा झटकन मागे सरल्या. आपला पदर त्यांनी अंगाशी गोळा केला, तिच्या केशरी पदराला शिवू नये म्हणून. घटकेपूर्वी लाडू भरवणारा तो हात त्यांनी पाठीमागे नेला.

“शिवू नकोस हं आता,” त्या म्हणाल्या, रागानं नव्हे, समजुतीनं. “नवरीला हात लावायचाय तुला. जा बाळ, वर जा.”

सुनीती वर गेली. मणिमालानं तिला मिठी मारली, आणि आधी हसली, मग तिचं तोंड पाहून हसायची थांबली. “काय झालं गं?” “काही नाही, बस इकडे,” सुनीती म्हणाली. तिनं मनाशी योजलं होतं की मणीला एका मोत्यावर सजवायची. एक मोती, मोकळे हात, कपाळावर चंदनाचे दोनच ठिपके, सगळ्या कलकत्त्यानं तोंडात बोट घालावं. लाहिड्यांनी तिला जिन्यावरून ढकलून दिलं असतं ती गोष्ट निराळी. पण आता तिनं दागिन्यांची पेटी उघडली आणि तळ लागेपर्यंत चढवत गेली. हार, त्यावर हार, बाजूबंद, कानांतले, नाकातली, डोक्यावरचा मुकुट. चंदनाची नक्षी भिवयांपासून गालांपर्यंत उतरवली. “अजून काही आहे का?” ती विचारायची आणि काकीमा धावत जाऊन अजून काही आणायच्या. मिस डॅफ्नीला घेरी आली असती. मणिमाला मात्र अशी दिसत होती की तिची आई दारातच रडायला लागली. सगळ्यांनी सुनीतीच्या हाताची तारीफ केली. “या बर्गीणीनं लुटायच्या ऐवजी लादून टाकलं की गं आपल्याला,” काकीमा म्हणाल्या, आणि घर पुन्हा हसलं.

दिवेलागणीला वरात आली. शंख वाजले, बायकांनी जिभा हलवून तो बंगाली मंगल आवाज काढला, झाडून सगळं घर पुढच्या अंगणात लोटलं. नवरीला पाटावर बसवून उचलून नेलं. सुनीती गर्दीत उभी होती. आता नवरा-नवरीची नजरानजर होणार, ती पाहायची तर जागा अगदी पुढची मिळाली होती, मानाची. तिनं इकडे-तिकडे पाहिलं. लाल, केशरी, गुलाबी. पांढरं एकही नव्हतं. ती वळली आणि गर्दीतून वाट काढत मागे गेली.

टोकाच्या खोलीचं दार बंद होतं. शुभकार्यात आपली नजर पडू नये म्हणून पिशिमांनी ते स्वतःच आतून लावून घेतलं होतं, आणि तसं त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. सुनीतीनं दार वाजवलं.

“कोण?”

“मी. सुनीती.”

आतली पावलं दाराशी आली. मग पिशिमांनी विचारलं, “काय नेसली आहेस?”

वर्षभर सुनीतीनं दुसरा विचार केला नव्हता. काय नेसावं, कसं नेसावं, कोण पाहील. आणि आता तोच प्रश्न बंद दारामागून आला. ती म्हणाली, “पांढरंच.”

कडी निघाली. दार फटीइतकं उघडलं, आतून केशरी बनारसी दिसली आणि पिशिमा दार लोटायला गेल्या. पण नागपूरच्या मुलीनं पाय आत घातला होता.

“खोटारडी!” पिशिमा कुजबुजल्या. “अगं, तिकडे मंत्र चाललेत! कुणी पाहिलं तर काय म्हणेल? जा म्हणते ना!”

“मला भूक लागलीय,” सुनीती म्हणाली आणि आत शिरून तिनं दार लावून घेतलं.

भूक म्हटल्यावर पिशिमांचा इलाज चालेना. त्यांनी ताटलीत केळं आणि लाडू ठेवला, ताटली जमिनीवर ठेवली, आणि बोटांच्या टोकांनी, साडी लागणार नाही अशा बेतानं, तिच्याकडे सरकवली. स्वतः लांब, कोपऱ्यात जाऊन बसल्या. सुनीतीनं ताटली उचलली आणि त्यांच्या जवळ जाऊन बसली. पिशिमा सरकल्या. तीही सरकली. पिशिमा आणखी सरकल्या, पदर आवळून, डोळ्यांत पाणी आणून, “नको गं, नको” म्हणत. आणि मग मागे भिंत आली. सुनीतीनं बनारसीचा घोळ त्यांच्या पांढऱ्या साडीवर पसरू दिला, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, लाडवाचे दोन तुकडे केले आणि एक त्यांच्या तोंडाशी धरला.